मोझेक आलेखाचे प्रमाण कोठे लिहायचे?

मागच्या सत्रात एम.एस्सी.च्या वर्गात मी बर्कले विद्यापीठातील प्रवेशांचा मोझेक आलेख पडद्यावर लावला होता. डावीकडे ० ते १ असे आकडे असलेला अक्ष होता, खाली सहा विभागांची अक्षरे होती, आणि प्रत्येक स्तंभात खालचा निळा भाग प्रवेश मिळालेल्यांचा व वरचा करडा भाग नाकारलेल्यांचा होता. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी शेजारची सारणी वहीत उतरवून घेत होता. तो मध्येच थांबून म्हणाला, “मॅडम, ए विभागात सारणीप्रमाणे चौसष्ट टक्के येतात, पण आलेखावर एकसष्टच दिसतात. माझा भागाकार चुकतोय का?”

त्याचा भागाकार बरोबर होता. ९३३ पैकी ६०१ म्हणजे ६४.४ टक्के. मी पडद्याजवळ जाऊन लांब पट्टी आडवी धरली, तर निळ्या भागाची वरची कड खरोखरच ०.६१ च्या किंचित वर होती. आलेख मीच काढलेला होता. त्यातले आकडे बरोबर होते, आयतही आपसांत योग्य प्रमाणात होते; चूक होती ती त्या आयतांच्या शेजारी मी उभ्या केलेल्या अक्षाची. त्या दिवसापासून मोझेक आलेखाच्या अक्षांवर काय लिहावे आणि काय लिहू नये, याचा मी नीट विचार केला, आणि तो येथे सविस्तर मांडते आहे.

आपण शाळेत आलेख कागदावर काम करायला शिकलो तेव्हा उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहिणे सक्तीचे असे. क्ष-अक्षावर १ सेमी बरोबर इतके, य-अक्षावर १ सेमी बरोबर तितके, अशा दोन ओळी तेथे नसल्या तर गुण कापले जात. स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख या सगळ्यांना ते दोन ओळींचे प्रमाण लागू पडते, कारण त्या सगळ्यांत माहिती लांबीच्या रूपात असते. मोझेक आलेख दिसतो शतमान स्तंभालेखासारखा, पण त्यात स्तंभांच्या रुंद्याही माहिती वाहतात. स्तंभाची रुंदी म्हणजे त्या गटाचा एकूणातला वाटा, स्तंभातल्या भागाची उंची म्हणजे त्या गटाच्या आतला वाटा, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे सारणीतल्या त्या घराची सापेक्ष वारंवारता. सेंटिमीटरला अमुक इतके, असे प्रमाण येथे लिहिता येत नाही. लिहायचेच तर चौरस सेंटिमीटरला किती माणसे, असे लिहावे लागेल. जॉन हार्टिगन आणि बीट क्लायनर यांनी १९८१ मध्ये ही आकृती वर्गीकृत सारण्यांसाठी मांडली आणि पुढे १९९४ मध्ये मायकेल फ्रेंडली यांनी तिला रंगछटांनी दाखवलेल्या शेषांची, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतल्या फरकांची, जोड दिली. तेव्हापासून आजपर्यंत तिचा पाया हा क्षेत्रफळाचाच राहिला आहे. अक्षांबाबतच्या बहुतेक अडचणी आपण हा पाया विसरून तिला लांबीच्या आलेखाचे अक्ष लावतो तेथून सुरू होतात.

उदाहरणासाठी बर्कलेचीच सारणी घेते, कारण ती आर या संगणकप्रणालीत तयार मिळते आणि कोणालाही पडताळून पाहता येते. १९७३ सालच्या पदव्युत्तर प्रवेशांतील सहा मोठ्या विभागांचे ४,५२६ अर्ज तिच्यात आहेत. विभागवार अर्ज असे: ए ९३३, बी ५८५, सी ९१८, डी ७९२, ई ५८४ आणि एफ ७१४. प्रवेशाचे प्रमाण ए विभागात ६४.४ टक्के, तर एफ विभागात अवघे ६.४ टक्के.

प्रथम आडवा अक्ष पाहू. त्यावर खुणा कोठे करायच्या? स्तंभाच्या कडा या संचयी वाट्यांवर येतात: ए चा स्तंभ ० पासून ०.२०६ पर्यंत, बी चा तेथून ०.३३५ पर्यंत, सी चा ०.५३८ पर्यंत, आणि असेच पुढे. वर्गाचे नाव स्तंभाच्या मध्यावर यायला हवे, म्हणून खुणेची जागा म्हणजे संचयी बेरीज वजा त्या स्तंभाची निम्मी रुंदी. हे लिहायला सोपे वाटते, परंतु विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला वारंवार दिसणारी चूक म्हणजे संचयी बेरजेलाच दोनने भागणे. पहिल्या स्तंभाला ते बरोबर जुळते आणि त्यामुळेच चूक लपून राहते. बी चे नाव मात्र तसे केल्यास ०.१६८ वर येते, म्हणजे ए च्याच स्तंभाखाली, आणि एफ चे नाव बरोबर ०.५ वर, म्हणजे सी च्या स्तंभाखाली. वाचणारा ती अक्षरे विश्वासाने वाचतो आणि सी विभागाचे ३५ टक्के एफ विभागाच्या नावावर जमा होतात. जेथे प्रणाली आपणहून खुणा करते तेथे हा धोका नाही. पण आरच्या जीजीप्लॉट या आलेखसंचात किंवा पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आयत स्वतः काढले, तर पहिला नव्हे, शेवटचा स्तंभ तपासून पाहावा.

त्याच अक्षावर ०, ०.२, ०.४ असे आकडे लिहिण्याची गरज मला फारशी वाटत नाही. ०.४ ही जागा सी च्या स्तंभात पडते, पण ‘सी मध्ये ०.४’ या वाक्याला काही अर्थ नाही. त्या जागेचा अर्थ एवढाच की तेथपर्यंत ४० टक्के अर्जदार येऊन गेले, आणि तोही विभागांचा क्रम बदलताच बदलतो. त्यापेक्षा विभागाच्या अक्षराखाली त्या विभागाची संख्या लिहावी. ‘ए’ आणि त्याखाली ‘९३३’ एवढे लिहिले की रुंदी कशाची आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळते.

आता उभा अक्ष, जेथे माझी चूक झाली. मोझेकमध्ये आयतांच्या मध्ये फटी ठेवण्याची रीत आहे, कारण फटींमुळे घरे वेगळी दिसतात. परंतु फट कोठून तरी यावी लागते. एकूण उंची १ धरली, दोन भागांमध्ये ०.०५ ची फट घातली, तर एकूण १.०५ होते, आणि आकृती पुन्हा तिच्या चौकटीत बसवण्यासाठी सगळे १.०५ ने भागले जाते. म्हणून ०.६४४ उंचीचा भाग प्रत्यक्षात ०.६४४ भागिले १.०५, म्हणजे ०.६१३ एवढाच निघतो. माझ्या विद्यार्थ्याने वाचलेले एकसष्ट ते हेच. आडव्या दिशेने तर हा संकोच अधिक मोठा आहे, कारण सहा स्तंभांमध्ये पाच फटी येतात: पाच वेळा ०.०५ म्हणजे ०.२५, आणि सगळ्या रुंद्या १.२५ ने भागल्या जातात. दोन्ही मिळून चौकटीचे जेमतेम ७६ टक्के क्षेत्रफळ आयतांच्या वाट्याला येते, उरलेले सगळे कोऱ्या फटींचे. आयतांची आपसांतली तुलना यामुळे बिघडत नाही, कारण सगळ्यांना समान भाजक लागतो. म्हणूनच डोळ्यांना काही खटकत नाही. बिघडते ते शेजारच्या ० ते १ च्या आकड्यांशी असलेले नाते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे अक्षाच्या खुणांनाही तोच भाजक लावायचा: खालच्या भागासाठी ०.५ ची खूण ०.४७६ वर, १ ची खूण ०.९५२ वर. हे गणिताने अचूक असले तरी १ ची खूण चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि वाचणारा गोंधळतो. शिवाय वरच्या भागासाठी वरून खाली वाचायची दुसरी मोजपट्टी उजवीकडे द्यावी लागते. दुसरा उपाय साधा आहे आणि आता मी तोच पाळते: आकडे असलेला अक्ष हवा असेल तर उभ्या दिशेने फट ठेवायचीच नाही, आयतांना फक्त पांढरी बारीक किनार द्यायची. किनार कडेच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरते, त्यामुळे तिचा मध्य खऱ्या जागीच राहतो. स्तंभांमधल्या आडव्या फटी ठेवायला हरकत नाही, कारण त्या दिशेने आपण आकडे लिहीतच नाही.

आरमधल्या स्पाइनप्लॉट या फलनाने हाच मार्ग धरला आहे. त्यात फटी फक्त स्तंभांमध्ये येतात, स्तंभाच्या आत येत नाहीत, आणि ० ते १ चा अक्ष उजवीकडे काढला जातो. डावीकडे वर्गांची नावे असतात. त्यामुळे त्याच्या उजव्या अक्षावर वाचलेला आकडा हा खरा आकडा असतो. त्याच आरमधले मूळ मोझेकप्लॉट हे फलन मात्र आकड्यांचा अक्ष देतच नाही, फक्त वर्गांची नावे देते. वर मागून अक्ष काढण्याची आज्ञा दिली तर अक्ष उमटतो, पण त्याच्या खुणा आयतांच्या कडांशी जुळत नाहीत, कारण आयत काढताना फलनाने आपली वेगळी अंतर्गत मोजणी वापरलेली असते. पुष्कळांना ही उणीव वाटते. माझे मत आता उलट आहे. अनेक चलांच्या मोझेकला आकड्यांचा अक्ष न देणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि तो डावलण्यापूर्वी आपण फटींचा हिशेब केलेला असला पाहिजे.

आरच्याच व्हीसीडी या संचात फटींसाठी स्वतंत्र योजनाच आहे: सगळ्या पातळ्यांवर सारखी फट, पातळीगणिक बदलणारी फट, किंवा सशर्त मांडणीला साजेशी फट यांतून निवड करता येते. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मूळ मोझेकप्लॉट पहिल्या चलाने उभे स्तंभ पाडते, तर व्हीसीडीचे मोझेक पहिल्या चलाने आडवे पट्टे पाडते. एकच सारणी दोन्हींकडे दिली तर अक्षांची अदलाबदल झालेली दिसते आणि विद्यार्थी आपलेच काही चुकले असे समजतात. पायथॉनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये फट मुळातच अर्ध्या टक्क्याची असते आणि एकच आकडा दिल्यास पुढच्या पातळ्यांवर ती कमी कमी होत जाते. एवढ्या फटीने ६४.४ चे फार तर ६४.१ किंवा ६४.२ होतात, आणि ते पडद्यावर जाणवत नाही. पण सुबक दिसावे म्हणून ती वाढवली की माझे झाले तेच होते. जेएमपी या सांख्यिकी प्रणालीमध्ये डावीकडे ० ते १ चा अक्ष असतो आणि उजवीकडे सगळे गट मिळून येणारे वाटे दाखवणारा अरुंद स्तंभ असतो. बर्कलेच्या बाबतीत त्या अरुंद स्तंभावर ३८.८ टक्के दिसतील, कारण ४,५२६ पैकी १,७५५ जणांना प्रवेश मिळाला. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण प्रत्येक स्तंभ कशाच्या तुलनेत उंच किंवा बुटका आहे हे डोळ्यांसमोर राहते. जेथे ती आयती मिळत नाही, तेथे मी उजवीकडे तसा स्तंभ हाताने जोडते.

जीजीप्लॉटमध्ये जीजीमोझेक हा जोडसंच वापरला, तर त्याच्या अक्षांची व्यवस्था त्याच्या स्वतःच्या प्रकारच्या मोजपट्टीकडे असते. ती वर्गांच्या मध्यावर खुणा करते व नावे लिहिते. तेथे नावे मराठीत हवी असतील तर ती वर्गांच्या अंतर्गत क्रमानेच द्यावी लागतात. तो क्रम आपण ठरवला नसेल तर वर्णानुक्रम लागतो, आणि मराठी व इंग्रजी नावांचा वर्णानुक्रम एक नसतो, हे विसरून चालत नाही.

आयत स्वतः काढण्याचा मार्ग पत्करला की आणखी दोन गोष्टी हाताळाव्या लागतात. जीजीप्लॉट अक्षाच्या दोन्ही टोकांना ५ टक्के मोकळी जागा सोडते. बिंदूंच्या आलेखात ती हवीच असते, पण मोझेकमध्ये चौकट हीच एकूण संख्या असल्यामुळे ती जागा काढून टाकावी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एफ विभागाचा निळा भाग फार बुटका दिसतो म्हणून एका विद्यार्थिनीने उभ्या अक्षाची मर्यादा ० ते ०.५ अशी ठेवली. आकृती निघाली तेव्हा सगळे करडे आयत नाहीसे झाले होते आणि ए व बी या विभागांचे निळे आयतही. कारण असे की मोजपट्टीची मर्यादा ओलांडणारा आयत जीजीप्लॉट कापत नाही, पूर्णच गाळतो, आणि फक्त एक इशारा छापतो. करडे सगळे आयत १ पर्यंत जातात, ए आणि बी चे निळे आयत ०.६ च्या वर जातात. उरले फक्त सी, डी, ई आणि एफ यांचे निळे तुकडे. मर्यादा मोजपट्टीवर न घालता दृश्यावर घातली असती तर आयत कापले गेले असते, गळाले नसते. पण तोही उपाय मोझेकसाठी योग्य नाही. अर्धे क्षेत्रफळ नजरेआड केले की उरलेल्या क्षेत्रफळाचा एकूणाशी संबंध तुटतो. लॉगप्रमाण लावणे तर मुळातच शक्य नाही, कारण लॉगप्रमाणावर शून्याला जागा नाही आणि रुंदी गुणिले उंची हा गुणाकारही तेथे टिकत नाही. मोझेकमध्ये जे मोकळेपणाने बदलता येते ते एवढेच: आकृतीची एकूण रुंदी आणि एकूण उंची. ती १० बाय १० असो की १५ बाय १०, क्षेत्रफळांची गुणोत्तरे तीच राहतात.

वर्गांच्या नावांची जागा हा उभ्या अक्षाचा वेगळाच प्रश्न आहे. डावीकडे लिहिलेले ‘प्रवेश’ हे नाव ए विभागाच्या निळ्या भागाच्या मध्यावर, म्हणजे ०.३२ वर येते. ते ए साठी योग्य आहे. उजवीकडे जाता जाता निळा भाग उतरत जातो आणि एफ च्या स्तंभात ०.३२ या उंचीवर करडा रंग असतो. ज्याला हा आलेख नवा आहे, तो डावीकडचे नाव आडव्या रेषेत वाचत नेतो आणि एफ मध्ये त्याला ‘प्रवेश’ नेमके नाकारलेल्यांच्या आयतावर सापडते. म्हणून दोन स्तंभांत एवढा फरक असेल तेव्हा मी नावे अक्षावर ठेवत नाही. रुंद आयतांच्या आत नाव लिहिते, किंवा रंगांची सूची देते. डावा अक्ष पहिल्या स्तंभापुरताच खरा असतो हे प्रत्येक वेळी तोंडी सांगत बसण्यापेक्षा ते बरे.

तिसरे चल आले की अक्षांची खरी परीक्षा होते. बर्कलेच्या सारणीत ते चल म्हणजे अर्जदार स्त्री आहे की पुरुष. एकूण पाहता पुरुषांपैकी ४४.५ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३०.४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. विभागवार पाहता हे चित्र पालटते: ए विभागात ८२५ पुरुषांपैकी ५१२ जणांना, म्हणजे ६२ टक्क्यांना, तर १०८ स्त्रियांपैकी ८९ जणींना, म्हणजे ८२ टक्क्यांना प्रवेश मिळाला. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल यांनी १९७५ मध्ये सायन्स या नियतकालिकात बर्कलेच्या प्रवेशांचे विश्लेषण मांडले, आणि सांख्यिकीच्या वर्गांतून ते आजही शिकवले जाते. कोडे उलगडते ते स्तंभांच्या रुंदीत. पुरुषांच्या २,६९१ अर्जांपैकी १,३८५ अर्ज, म्हणजे निम्म्याहून अधिक, ए आणि बी या सहज प्रवेश देणाऱ्या विभागांकडे होते. स्त्रियांच्या १,८३५ अर्जांपैकी त्या दोन विभागांकडे फक्त १३३. शतमान स्तंभालेखात सगळे स्तंभ सारख्या रुंदीचे केले तर उंचीचे सगळे आकडे बरोबर राहतात आणि तरीही कारण मात्र आकृतीतून पुसले जाते. आडव्या अक्षाचे प्रमाण जपायचे ते यासाठी.

ते जपताना अडचण येते ती अशी. १५ सेमी रुंदीच्या, फट नसलेल्या आकृतीत सी विभागातील ५९३ स्त्रियांचा स्तंभ जवळजवळ २ सेमी रुंद होतो, ए मधील १०८ स्त्रियांचा साडेतीन मिमी, आणि बी मधील २५ स्त्रियांचा फक्त ०.८ मिमी. विभागांमध्ये मी आधी ठेवली होती ती ५ टक्क्यांची फट एवढ्याच रुंदीच्या आकृतीत ६ मिमी भरते. ६ मिमीची कोरी जागा आणि तिच्या शेजारी एक मिमीहून बारीक, पंचवीस माणसांचा स्तंभ! तेथे अक्षावर नाव लिहायला जागाच उरत नाही. ‘स्त्रिया’ हा शब्द शेजारच्या ‘पुरुष’ या शब्दावर चढतो. अशा वेळी स्तंभ थोडा रुंद करून घ्यावा असा मोह होतो, पण तो टाळलाच पाहिजे. नाव काढून टाकावे, स्त्री-पुरुष हा भेद रंगछटेने दाखवावा, अक्षावर फक्त विभागाचे अक्षर ठेवावे. बारीक स्तंभ बारीकच दिसू द्यावा, कारण त्या विभागाकडे स्त्रियांचे अर्ज खरोखरच तेवढे कमी आले होते.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे स्पिनोग्राम. त्यात आडव्या अक्षावर वर्गांऐवजी संख्यात्मक चल असते, ते गटांत विभागले जाते, आणि प्रत्येक गटाची रुंदी त्यातल्या निरीक्षणांच्या संख्येइतकी होते. आरच्या साहाय्य-पानावर याचे उदाहरण म्हणून अंतराळयानाच्या २३ उड्डाणांची माहिती दिली आहे: प्रक्षेपणावेळचे तापमान आणि ओ-रिंगमध्ये, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांमध्ये, बिघाड झाला की नाही. पाच-पाच अंश फॅरनहाइटचे गट केले तर ६५ ते ७० या गटात १० उड्डाणे येतात आणि तो गट अक्षाची ४३ टक्के रुंदी व्यापतो. ५० ते ५५ या गटात एकच उड्डाण असल्याने त्याच पाच अंशांना ४ टक्के रुंदी मिळते. अक्षावर ५०, ५५, ६०, ६५, ७० असे आकडे लिहिलेले असतात, पण त्यांच्यातली अंतरे असमान असतात. नेहमीच्या आलेखाची सवय असलेल्या वाचकाला हे आधी सांगितलेच पाहिजे. आणखी एक मर्यादा मला या उदाहरणात फार जाणवते. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी दुर्घटनेत नष्ट झालेल्या चॅलेंजर या यानाचे उड्डाण झाले तेव्हा हवा गोठणबिंदूच्या आसपास होती. साध्या बिंदुआलेखात ती जागा डावीकडे दूर, रिकामी, पण दाखवता येण्याजोगी असते. स्पिनोग्रामच्या अक्षावर ती जागाच नाही, कारण जेथे निरीक्षण नाही तेथे रुंदी शून्य. आधीच्या अनुभवापासून आपण किती दूर गेलो आहोत हा प्रश्न ज्या माहितीत कळीचा आहे, तिच्यासाठी हा अक्ष वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षांवरची नावे देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. मॅटप्लॉटलिबच्या ज्या आवृत्तीवर मी काम करते तीत अक्षरांची जुळणी नीट होत नाही. ‘विभाग’ या शब्दातली वेलांटी व च्या आधी न येता नंतर येते आणि अक्षावर ‘वभिाग’ असे काहीतरी दिसते, जोडाक्षरे पाय मोडून वेगळी पडतात. आरमधल्या साध्या पीडीएफ उपकरणावर, म्हणजे आकृती पीडीएफमध्ये काढणाऱ्या सोयीवर, देवनागरी नीट उमटतच नाही. कैरो या चित्रण-संचावर आधारलेले उपकरण किंवा रॅग हा संच वापरला की अक्षरे व्यवस्थित येतात. अरुंद स्तंभांखाली नावे उभी फिरवण्याची सूचना अनेकदा केली जाते, पण शिरोरेषा उभी झाली की देवनागरी शब्द वाचायला मान वाकडी करावी लागते. मी नावे फिरवत नाही; अक्षर छोटे करते, किंवा ‘वाणिज्य शाखा’ ऐवजी ‘वाणिज्य’ एवढेच लिहिते. मात्रा आणि उकार यांना वरखाली जागा लागते म्हणून अक्ष आणि नाव यांतले अंतरही थोडे वाढवावे लागते.

पुढच्या तासाला मी तोच आलेख नव्याने काढून नेला: १५ सेमी रुंद, १० सेमी उंच, कोठेही फट नाही, विभागांमध्ये ठळक आणि इतरत्र बारीक पांढरी किनार, प्रत्येक विभागात पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या छटेत, खाली विभागाचे अक्षर व त्याखाली अर्जांची संख्या, डावीकडे ० ते १०० टक्के. उजव्या कोपऱ्यात शाळेतल्यासारखी एक ओळ लिहिली: प्रमाण, १ चौ.सेमी = सुमारे ३० अर्जदार. सगळ्यांना मूळ मापात छापलेली प्रत दिली. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने फूटपट्टी काढली, ए विभागातील नाकारलेल्या स्त्रियांचा छोटा आयत मोजला, रुंदी साडेतीन मिमी आणि उंची साडेसतरा मिमी, वहीत गुणाकार केला आणि १८.४ असे उत्तर सांगितले. सारणीत त्या १९ आहेत.